विल्सचा विश्वचषक आणि कोरी बॅट

(१) २९ फेब्रुवारी १९९६. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाचा संघ १६६ धावांत गारद झाला आणि पाठोपाठ वेस्ट इंडिजचा बलाढ्य संघ अवघ्या ९३ धावांत. केनियाचा तो ७३ धावांचा विजय क्रिकेटच्या इतिहासातील मोठ्या धक्क्यांत आजही गणला जातो. धावफलक लोकांच्या स्मरणात राहिला. स्पर्धेचे अधिकृत नाव मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेले. ते होते ‘विल्स वर्ल्ड कप’. विल्स ही सिगारेट होती.

(२) त्या काळी आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या जाहिरातसंहितेनुसार तंबाखूच्या जाहिरातींना मनाई होती. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापणे दोन दशकांपासून बंधनकारक होते. तरीही कोट्यवधी घरांत पाहिल्या गेलेल्या स्पर्धेला सिगारेटचे नाव मिळाले. हे कसे घडले, त्यासाठी लोकप्रिय चेहरे कसे वापरले गेले, आणि त्याच स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्या मुंबईकर फलंदाजाची बॅट कोरी का होती, याचा हा मागोवा. #थ्रेड

(३) आरंभ करावा लागतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. १८८० च्या सुमारास अमेरिकेत जेम्स बॉन्सॅक याने सिगारेट वळण्याचे यंत्र तयार केले. हाताने वळली जाणारी वस्तू यंत्रातून अखंड बाहेर पडू लागली. उत्पादन अफाट वाढले, किंमत उतरली आणि एका कारखान्याची सिगारेट दुसऱ्या कारखान्याच्या सिगारेटीहून वेगळी ओळखणे कठीण झाले. फरक उरला तो नावाचा आणि पाकिटावरील चित्राचा.

(४) पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घातला जाई. त्या तुकड्यावर चित्रे छापण्याची युक्ती निघाली: नट्या, सेनानी, खेळाडू. इंग्लंडमधील विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची चित्रमालिका काढली. रणजितसिंहजींची छबीही त्या काळातील अशा पत्त्यांवर झळकली. मुले हे पत्ते जमवीत आणि संच पुरा करण्यासाठी वडीलधाऱ्यांकडे पाकिटांचा आग्रह धरीत.

(५) या व्यवहारातील एक जुना नकार प्रसिद्ध आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ मध्ये बेसबॉलपटूंची मालिका सुरू केली, तेव्हा होनस वॅग्नर या नामवंत खेळाडूने आपले चित्र छापण्यास हरकत घेतली आणि त्याच्या पत्त्याची छपाई थांबली. त्यामागे तंबाखूविषयी नापसंती होती की मोबदल्याचा वाद, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. थोड्याच प्रती बाहेर पडल्याने तो पत्ता आज संग्राहकांच्या जगातील सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक ठरला आहे.

(६) भारतात इम्पीरियल टोबॅको कंपनीची नोंदणी १९१० मध्ये कलकत्त्यात झाली; हीच पुढे आयटीसी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईत विलेपार्ले येथील गोल्डन टोबॅको १९३० ची. गॉडफ्रे फिलिप्सची भारतीय कंपनी १९३६ मध्ये स्थापन झाली. पनामा, कॅव्हेंडर्स, रेड अँड व्हाइट, फोर स्क्वेअर ही नावे या दोन कंपन्यांनी घराघरांत पोहोचवली.

(७) परंतु महाराष्ट्रातील सामान्य श्रमिकाच्या खिशात सिगारेटपेक्षा विडी असे. सिन्नर, सोलापूर, अहमदनगर ही विड्या वळण्याची मोठी केंद्रे होती. विडीच्या गिऱ्हाइकाला पुष्कळदा अक्षरओळख नसे. तो बंडल मागे ते वेष्टनावरील चित्राच्या खुणेने. म्हणून वेष्टनावर देव आले, प्राणी आले, आकडे आले आणि राजेही आले. जाहिरातीत प्रसिद्ध चेहरा वापरण्याची ही देशी पद्धत होती. या चेहऱ्यांना मोबदला द्यावा लागत नसे आणि त्यांची संमतीही कोणी विचारू शकत नसे.

(८) पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ हे त्याचे ठळक उदाहरण. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव अनेक दशके विडीच्या बंडलावर राहिले. बंडल संपले की कागद रस्त्यावर पडे, पायदळी येई. हा महाराजांचा अवमान आहे, अशी तक्रार वारंवार होत राहिली. २०२० मध्ये आंदोलनांनी जोर धरला आणि २०२१ मध्ये कंपनीने नाव बदलून ‘साबळे बिडी’ असे केले. नावावरचा वाद मिटला. बंडलातील तंबाखू तीच राहिली.

(९) विडीला राजा लाभला, तसा पाश्चात्त्य सिगारेटीला चित्रपटतारा लाभला. १९३० च्या दशकात क्लार्क गेबल, जोन क्रॉफर्ड यांच्यासारखे तारे लकी स्ट्राइकची शिफारस करीत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन नट असताना चेस्टरफील्डच्या जाहिरातीत दिसले. डॉक्टरांचे पांढरे कोटही याच कामी आले. ज्याच्यावर लोकांचा विश्वास असेल त्याच्या तोंडून वस्तूची स्तुती करवणे, हे सूत्र तेव्हाच पक्के झाले होते.

(१०) १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. त्यानंतर सरकारांना हातपाय हलवावे लागले. ब्रिटनने १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद केल्या. अमेरिकेत १९७१ च्या जानेवारीपासून रेडिओ व दूरचित्रवाणी ही दोन्ही दारे बंद झाली.

(११) इथे कथेला निर्णायक वळण मिळते. कायद्याने जाहिरातीची वेळ विकण्यास बंदी केली होती. सामन्याला नाव देण्यास नव्हे. ब्रिटनमध्ये १९६९ साली ‘जॉन प्लेअर लीग’ सुरू झाली आणि तिचे सामने बीबीसीवर दिसू लागले. अमेरिकेत मोटारशर्यतीची मालिका ‘विन्स्टन कप’ झाली. निवेदक स्पर्धेचे नाव उच्चारी, आणि जाहिरात म्हणून बंद झालेली गोष्ट बातमी म्हणून घरात येई.

(१२) भारतातही हाच क्रम दिसतो. विविध भारतीवर व्यापारी प्रसारण १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून सुरू झाले, दूरदर्शनवर १९७६ मध्ये. दोन्हीकडे सिगारेटला मज्जाव होता. १९७५ च्या सिगारेट कायद्याने पाकिटावर आणि जाहिरातीत वैधानिक इशारा सक्तीचा केला. हा कायदा केवळ सिगारेटपुरता होता. विडी आणि खाण्याची तंबाखू त्यातून सुटली.

(१३) सिगारेट कंपन्यांना उरली ती वृत्तपत्रे, मासिके, फलक, चित्रपटगृहे. विल्स फिल्टरने ‘मेड फॉर ईच अदर’ म्हणत सुखी, आधुनिक जोडप्यांची चित्रे मांडली. फोर स्क्वेअरने ‘लिव्ह लाइफ किंग साइझ’ म्हणत ऐश्वर्याचे स्वप्न दाखवले. गॉडफ्रे फिलिप्सने १९९० मध्ये ‘रेड अँड व्हाइट शौर्य पुरस्कार’ सुरू केले. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्या सामान्य नागरिकाच्या धैर्याला सिगारेटचे नाव जोडले गेले, आणि त्याच्या सत्काराची बातमी विनामूल्य छापून येऊ लागली.

(१४) क्रिकेटमध्ये या बदलाचे मोजमाप दोन करंडकांवरून करता येते. १९७३-७४ मध्ये एकदिवसीय सामन्यांसाठी देवधर करंडक सुरू झाला. तो पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नावाचा, एस. पी. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे आणि महाराष्ट्राचे कर्णधारपद भूषवणारे हे गृहस्थ शंभरी पार करून १९९३ मध्ये निवर्तले. देवधर करंडकानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९७७-७८ मध्ये, दुसरी एकदिवसीय स्पर्धा आली. तिचे नाव विल्स करंडक.

(१५) खेळाडूंचा यात दोष काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. तेव्हा क्रिकेटमध्ये पैसा तुटपुंजा होता आणि आश्रयदाते थोडे. १९८५ मध्ये सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने मेलबर्नला जी स्पर्धा जिंकली, रवी शास्त्री यांना जिच्यात ऑडी मोटार मिळाली, ती ‘बेन्सन अँड हेजेस’ विश्व अजिंक्यपद स्पर्धा होती. १९९२ चा विश्वचषकही बेन्सन अँड हेजेसचाच. ही दोन्ही नावे मिळून होणारी वस्तू सिगारेट, हे कित्येक चाहत्यांच्या गावीही नसे.

(१६) उपग्रह वाहिन्या आल्या आणि सामन्यांचा प्रेक्षक अनेक पटींनी वाढला. १९९३ पासून भारतीय संघाच्या पोशाखाचे प्रायोजकत्व आयटीसीकडे गेले आणि विल्सचे चिन्ह खेळाडूंच्या अंगावर आले. आता कोणत्याही खेळाडूला ‘ही सिगारेट ओढा’ असे म्हणण्याची गरज नव्हती. त्याने शतक ठोकावे, झेल घ्यावा, सहकाऱ्याला मिठी मारावी. छायाचित्र दुसऱ्या दिवशी प्रत्येक वृत्तपत्रात येणारच होते.

(१७) बॅट तर त्याहून मोलाची. गोलंदाजाच्या पाठीमागच्या कॅमेऱ्यातून फलंदाज समोर दिसतो, आणि अर्धशतकानंतर तो बॅटचा दर्शनी भाग प्रेक्षकांकडे उंचावतो. ती काही इंचांची पट्टी दूरचित्रवाणीकडून विकत घ्यावी लागत नव्हती. त्यामुळे दूरदर्शनची संहिता तिला लागू होत नसे. नव्वदच्या दशकाच्या मध्यास भारतीय संघातील अनेक बॅटींवर विल्स किंवा फोर स्क्वेअरची पट्टी होती.

(१८) याचा परिणाम मुलांवर काय होतो, याचे उत्तर गोव्यातून आले. १९९५ च्या भारत–न्यूझीलंड मालिकेला विल्सचे प्रायोजकत्व होते. त्यानंतर गोव्यातील शाळकरी मुलांचा अभ्यास डॉ. वैद्य आणि सहकाऱ्यांनी केला. तो १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सामने पाहणे आणि सिगारेट ओढून बघणे यांत संबंध आढळला. धूम्रपानाने खेळ सुधारतो, खेळाडू स्वतः धूम्रपान करतात, अशा समजुतीही काही मुलांत रुजलेल्या दिसल्या. कोणत्याही खेळाडूने तसे म्हटले नव्हते. मुलांनी दोन गोष्टी एकत्र पाहिल्या आणि त्यांची सांगड स्वतःच घातली.

(१९) अशा वातावरणात १९९६ चा विश्वचषक सुरू झाला. सचिन तेंडुलकर यांनी त्या स्पर्धेत ५२३ धावा केल्या. इतक्या अन्य कोणाच्याही नव्हत्या. त्यांच्या बॅटवर मात्र कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. संघातील इतरांच्या बॅटवर विल्स आणि फोर स्क्वेअरच्या पट्ट्या असताना आपण त्या नाकारल्या, असे त्यांनी पुढे जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे.

(२०) कारण वडिलांना दिलेला शब्द. रमेश तेंडुलकर हे मराठीतील कवी आणि समीक्षक. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात ते मराठीचे अध्यापन करीत. तंबाखू आणि मद्य यांची जाहिरात करू नकोस, लोक तुझे अनुकरण करतील, असे त्यांनी मुलाला सांगितले होते. जाहिरातशास्त्राने दशकानुदशके ज्यावर व्यवसाय उभा केला, तेच तत्त्व या प्राध्यापकाने उलट बाजूने ओळखले होते. अनुकरण घडते म्हणून कंपनी पैसे देत होती, आणि अनुकरण घडते म्हणूनच ते पैसे घेऊ नयेत असे वडील सांगत होते. पुढे त्या बॅटवर एमआरएफ या टायर कंपनीचे नाव आले.

(२१) तरीही या नकाराची मर्यादा स्पष्ट दिसते. बॅट कोरी होती, पण तिच्यातून निघालेली प्रत्येक धाव ‘विल्स वर्ल्ड कप’मध्येच नोंदली जात होती. विक्रमांच्या बातम्यांत, समालोचनात, मैदानावरील फलकांत सिगारेटचे नाव होतेच. आपली बॅट विकायची की नाही, हे खेळाडू ठरवू शकत होता. स्पर्धेचे नाव विकण्याचा अधिकार संयोजकांकडे होता आणि तो त्यांनी वापरला होता. एकट्याच्या सचोटीने जे होणे शक्य नव्हते, त्यासाठी कायदाच हवा होता.

(२२) तो कायदा तुकड्यातुकड्यांनी आला. २००० मध्ये केबल वाहिन्यांवरील तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. २००१ मध्ये संसदेत व्यापक विधेयक आले आणि त्याच वर्षी आयटीसीने क्रिकेटचे प्रायोजकत्व सोडले. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा संमत झाला आणि १ मे २००४ पासून जाहिरातबंदी लागू झाली. शौर्य पुरस्कारांवरील सिगारेटचे नावही पुढे गेले. तिथे कंपनीचे नाव आले.

(२३) या कायद्याने प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, दोन्ही प्रकारच्या जाहिराती व प्रायोजकत्व यांवर बंदी आणली. विडी, गुटखा, खाण्याची तंबाखू हे सारे त्याच्या कक्षेत आले. दुकानाबाहेर लावायच्या फलकाचे मापही नियमांनी ठरवून दिले: ६० बाय ४५ सेंटिमीटर, वर इशारा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांबाहेरील टपऱ्याही या नियमाच्या कक्षेत येतात.

(२४) मात्र महाराष्ट्राचा तंबाखूशी असलेला संबंध मुख्यतः धुराचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे एकूण प्रौढांच्या केवळ ३.८ टक्के, तर चघळणारे २४.४ टक्के. विल्स क्रिकेटमध्ये असतानाच पुण्याच्या धारीवाल समूहाचा माणिकचंद गुटखा चित्रपटसृष्टीकडे वळला होता. २००० च्या सुमारास फिल्मफेअर पुरस्कारसोहळ्यालाच ‘माणिकचंद’ हे नाव लागले.

(२५) राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१२ मध्ये नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे राज्याने पुन्हा बंदी आणली. तेव्हा पडद्यावर पानमसाला आणि वेलची यांच्या जाहिराती ठळक झाल्या. नाव तेच, वेष्टनाचा रंग तोच, अक्षरांची वळणे तीच. पुडीत मात्र तंबाखू नाही असा दावा. चेहरे पुन्हा नामांकित नटांचे आणि माजी क्रिकेटपटूंचे.

(२६) या काळात नकारही आले, पण उशिरा. अमिताभ बच्चन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये पानमसाल्याचा करार सोडला, अक्षय कुमार यांनी चाहत्यांच्या नाराजीनंतर एप्रिल २०२२ मध्ये. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने छुप्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही २०१९ च्या कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रसिद्ध चेहऱ्यावर अशी कायदेशीर जबाबदारी त्या कायद्याने टाकली.

(२७) दरम्यान पुण्याचे क्रिकेट स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवरून पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरील गहुंजे येथे गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या या मैदानाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथे खेळले गेले, भारत–बांगलादेश सामन्यासह. पिंपरी, चाकण, तळेगावच्या कामगारवस्त्यांतील प्रेक्षकांच्या दाराशीच विश्वचषक आला होता. स्पर्धेच्या नावात या वेळी कोणतीही सिगारेट नव्हती. १९९६ आणि २०२३ यांतील हा फरक कायद्याने आणि त्यासाठी झगडणाऱ्यांनी मिळवलेला आहे.

(२८) वेलचीचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून मैदानांत आणि प्रक्षेपणात तंबाखू व मद्याच्या जाहिराती, छुप्या जाहिरातींसह, बंद ठेवण्यास सांगितले. खेळाडूंनीही अशा वस्तूंचा प्रचार करू नये, असे त्यात म्हटले होते. एका मराठी प्राध्यापकाने आपल्या मुलाला घरात सांगितलेली गोष्ट जवळपास तीन दशकांनी सरकारी पत्रात उतरली. गोव्यातल्या मुलांनी पोशाखावरील नाव वाचून जे अनुमान काढले होते, तेच आजची मुले पुडीवरील नाव वाचून काढीत असणार.